आखूड नळी

“बाई, तुम्ही बाहेर बाकावर बसलात तरी चालेल,” दुकानदार म्हणाला.

“तुम्हाला चालेल. मला नाही चालणार,” मी म्हणाले आणि स्टूल ओढून काउंटरपाशीच बसले.

कोल्हापुरातलं बंदुकांचं दुकान होतं ते. दुकानदार अब्बासभाई म्हणजे काडीसारखा म्हातारा, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. बंदुका विकणारा माणूस मिशीवाला, राकट असेल असं मला उगाच वाटलं होतं. समोर जुन्या चादरीत गुंडाळलेली माझ्या सासऱ्यांची बारा बोअरची बंदूक होती. ती देऊन माझे यजमान दुसरं हत्यार घेणार होते. त्यांचं नाव हिंदुराव, पण मी आयुष्यभर त्यांना ‘हे’च म्हणत आले, तर इथंही तेच म्हणते.

अब्बासभाईंनी बंदूक मोडून नळीतून उजेडाकडं बघितलं, घोडा मागं ओढला, नाक मुरडलं.

“ही शेवटची कधी चालली होती?”

“वडील होते तोवर. पण त्यांचा नेम काही कधी लागला नाही,” हे म्हणाले.

ते खरंच होतं. मामंजींना शिकारीचा भारी नाद, आणि हाताला यश शून्य. मामंजी रानात निघाले की ससे दर्शनाला येतात, असं गाव म्हणायचं.

“कसा लागणार?” अब्बासभाई म्हणाले. “खटक्यात चिकटा बसलाय सगळा. तेलाच्या जागी भलतंच काहीतरी घातलंय कुणीतरी.” त्यांनी बोट पुसलं आणि बंदूक बाजूला ठेवली. मग खालच्या कपाटातून फडक्यात बांधलेलं काहीतरी काढून काउंटरवर ठेवलं.

ते रिव्हॉल्व्हर मी पहिल्यांदा पाहिलं ते असं. तळहातात मावेल एवढं. नळी इतकी आखूड, की वाटावं कुणीतरी अर्ध्यातच तोडून टाकली. निळसर काळं पोलाद, कडांना घासून घासून रुपेरी झालेलं. मूठ अक्रोडाच्या लाकडाची, तिच्यावरची नक्षी आधीच्या धन्यांच्या हातांनी गुळगुळीत केलेली. ह्यांनी ते उचललं, चक्र अंगठ्यानं फिरवलं. टिक, टिक, टिक असा बारीक आवाज झाला.

आणि हे हसले.

दोन वर्षांत मी तो चेहरा हसताना पाहिला नव्हता. आमची उज्ज्वला, आमची एकुलती एक उजू, सायकलवरून कॉलेजला जाताना दुधाच्या टेंपोखाली गेली, तेव्हापासून नाही. टेंपो चालवणारा तानाजी काटकर आमच्याच गावचा, दोन गल्ल्या पलीकडचा. ब्रेक लागला नाही, असं त्यानं कोर्टात सांगितलं. टेंपो तपासणाऱ्यानंही तेच सांगितलं, आणि कोर्टानं त्याला सोडलं. तेव्हापासून हे आमच्या पिठाच्या गिरणीत बसायचे, पट्टा चालू करायचे, बंद करायचे, आणि घरी येऊन भिंतीकडं बघत जेवायचे. आणि आज एका लोखंडाच्या तुकड्याकडं बघून माझा नवरा हसत होता.

“कुणाचं होतं?” ह्यांनी विचारलं.

“चहाच्या मळेवाल्या एका साहेबाचं. मग एका वकिलाकडं आलं. माझ्या वडलांच्या वेळेपासून मी बघतोय. वस्तू एक नंबर. आता असं काम होत नाही.” अब्बासभाईंनी चष्मा वर सारला. “पण पाहुणे, शेतात डुक्करबिक्कर येत असेल, तर ह्याचा उपयोग नाही. नळी आखूड आहे. लांबचा नेम धरायचा नाही ह्यानं. माणूस अगदी समोर आला, हात पोचेल इतका, तरच.”

“तेवढं पुरे,” हे म्हणाले.

अब्बासभाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली बघितलं. नवऱ्यानं परवान्यावर बंदुकीच्या जागी रिव्हॉल्व्हर लिहून आणण्यासाठी कलेक्टर कचेरीचे उंबरे झिजवले होते, आणि मला वाटत होतं गिरणीच्या विजेच्या कामाला जातायत. माणूस लांब बंदूक देऊन आखूड का घेतो, हे कळायला मला कुणाच्या शिकवणीची गरज नव्हती. लांब बंदूक लपत नाही.

घरी आल्यावर तर घरात जावळाचं पोर आल्यासारखं झालं. सकाळी चहा झाला की ह्यांची बैठक सोप्यात. जुनं मऊ धोतर फाडून त्याच्या चिंध्या केलेल्या. शिवणयंत्राचं तेल. दातांचा ब्रश. हे ते खोलायचे, पुसायचे, नळीत फुंकर मारायचे, मूठ खोबरेल लावून चमकवायचे. चक्र फिरवून कानाशी धरायचे आणि मला म्हणायचे, “ऐक, ऐक की! घड्याळ लाजंल.”

मी ऐकायची. काय करणार?

“साहेबानं ह्याच्यावर त्याच्या नावाची अक्षरं कोरून घेतलीयात. हे बघ, मुठीच्या खाली. किती नाजूक!” असं म्हणताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं, कौतुकाचं. लेकीच्या बाराव्याला न आलेलं पाणी.

हे जेवायला लागले. दोन भाकरींवर तिसरी मागायला लागले. रात्री घोरायला लागले. खोटं कशाला बोलू, एखाद्या दिवशी मला त्या वस्तूचे उपकार वाटायचे. आणि तानाजीची बायको दुसऱ्या बाईच्या डब्यात आपला जोंधळा लपवून गिरणीत पाठवते, हे मला कळलं, तेव्हा क्षणभर मनात आलं, आमच्याच गिरणीचं पीठ खातायत मेले, होऊन जाऊ दे एकदाचं. मग पुढचं दिसलं. लेक गेली होती. आता नवरा फासावर नाहीतर जन्मभर तुरुंगात जाणार होता, आणि तानाजीच्या बायकोचंही कपाळ पुसलं जाणार होतं. मी एका घरातल्या रडण्यानं अर्धी झाले होते, दोन घरांचं कुठून आणू?

भाद्रपद सरता सरता गावची चार वडीलधारी माणसं आमच्या सोप्यात येऊन बसली. त्यांतले रामू आण्णा बोलले, “हिंदुराव, दोन वर्सं झाली. तो बी जित्यापणी मेलाय. टेंपो सोडला, मजुरीला जातोय, मान वर करून चालत न्हाई. गावात असं तेढ ठेवून चालायचं न्हाई. यंदा दसऱ्याला त्याच्या हातचं सोनं घ्या. गावासमोर मिटवून टाका.”

मला वाटलं, हे त्यांना हाकलतील. हे म्हणाले, “घेतो.”

आण्णांना भरून आलं. त्यांनी ह्यांचा हात हातात धरला. माणसं चहा पिऊन, देवमाणूस आहे म्हणत निघून गेली. मी कपबश्या गोळा करत होते.

“घेणार तुम्ही सोनं?”

“घेणार की. जवळ तर येऊ दे त्याला.” हे चक्र फिरवत होते. “तो सोनं द्यायला हात पुढं करंल, आणि मी खिशातनं...”

“अहो!”

“ओरडू नकोस. शेजार ऐकंल.”

मी पाय धरले. अक्षरशः धरले. म्हणाले, उजूची शपथ आहे तुम्हाला. हे शांतपणे म्हणाले, “तिच्यासाठीच चाललंय सगळं. दोन वर्सं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. आता आहे. ह्याच्यामुळंच आहे. तू ते माझ्याकडनं काढून घेऊ नकोस.” वेडा माणूस ओरडला असता, तर बरं झालं असतं. एवढ्या शहाणपणानं बोलणाऱ्या माणसाला कुठल्या डॉक्टराकडं न्यायचं?

मी माहेरी जाऊन भावाला सांगितलं. तो हसला. “दाजी? अगं, दाजी गिरणीतला उंदीर पकडून वेशीबाहेर सोडून येणारा माणूस.” पोलिसांत जावं म्हटलं, तर काय सांगणार? माझ्या नवऱ्याकडं परवान्याचं हत्यार आहे, आणि तो हल्ली फार आनंदात असतो? गोळ्या पळवाव्यात म्हटलं, तर त्या ह्यांच्या सदऱ्याच्या खिशात. रिव्हॉल्व्हर उशीखाली. एकदा दुपारी मी उशीखाली हात घातला, तर झोपेतच ह्यांनी माझं मनगट धरलं. डोळे उघडले नाहीत, पण पकड सुटली नाही. त्या दिवसापासून मी देवापुढंसुद्धा काही मागायचं सोडलं.

माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्ती म्हणायची, कानांनी अधू झाल्या होत्या. डोळ्यांनाही धूसरच दिसायचं. सोप्याच्या कोपऱ्यात बसून वाती वळायच्या. लेक काय घासतोय, सून कशाला रडतेय, त्यांना कशाचा पत्ता नाही, असं आम्ही दोघंही धरून चाललो होतो. त्यांच्या देखत बिनधास्त बोलायचो.

खंडेनवमी आली. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं धारदार आणि लोखंडी देवापुढं बसतं. विळे, खुरपी, कोयता, माझी विळी, गिरणीच्या दगडाला टाकी लावायची छिन्नी आणि हातोडा. एकदा पूजेला बसवलं, की दसऱ्याला गाव सीमोल्लंघनाला निघेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. विळीसुद्धा पूजेत, म्हणून त्या दिवशी आमच्याकडं भाजी चिरायची नाही, उसळ करायची. मी पाट मांडला, एकेक वस्तू धुऊन ठेवली. आत्ती भिंतीला धरून आल्या आणि हातानं चाचपून बघायला लागल्या.

“आगं, बंदूक कुठं हाय?”

“ती दिली ना आत्ती, कोल्हापुरात.”

“मग तिच्या बदली आणलंय ते? हिंदू, आण की ते. हत्यार घरात असून पूजंला बसवायचं न्हाई, असं कुटं आस्तंय व्हय?”

“आई, ते राहू दे,” हे म्हणाले.

“तुझा बा दरसाल बसवायचा. तू त्याच्यापरास मोठा झालास?”

आमचे हे कलेक्टरला भीत नव्हते, फासाला भीत नव्हते, पण आईपुढं त्यांचं काही चालायचं नाही. त्यांनी रिव्हॉल्व्हर आणून पाटावर ठेवलं. गोळ्या आधीच काढल्या होत्या.

“गोळ्या बी ठेव. अर्धं हत्यार पुजत न्हाईत.”

ह्यांनी खिसा रिकामा केला.

“आता ह्याला पंचामृत घाल,” आत्ती मला म्हणाल्या.

“आई! गंज चढंल त्याला!”

“देवीला वर्षानुवर्षं घालतोय. तिला चढला का? नवं हत्यार पयल्यांदा घरात बसतंय. आणि तू असा उभा काय राहिलास? झेंडू कमी पडलाय, मळ्यातनं घेऊन ये जा.”

हे दारापर्यंत गेले, वळून रिव्हॉल्व्हरकडं बघितलं, आणि गेले. माझ्यासमोर पाच वाट्या होत्या. दूध, दही, तूप, मध, साखर. मी चमच्यानं पूजेपुरतं दूध घातलं, दही घातलं. आणि मग एकदम माझ्या डोक्यात उजेड पडला. दुकानातला तो म्हातारा आठवला, त्यानं पुसलेलं ते बोट आठवलं.

मी मधाची वाटी उचलली. आत्तींकडं बघितलं. त्या डोळे मिटून देवीचं काहीतरी पुटपुटत होत्या.

मी घोडा मागं ओढला आणि त्या फटीत मध सोडला. हळूहळू, आतून वर येईपर्यंत. त्यावर साखर. ट्रिगरच्या मागं बोटानं चेपून तूप. सुनेच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू वळावेत इतक्या मन लावून मी ते काम केलं. वाटी रिकामी झाली.

“संपला का मध?” आत्तींनी डोळे न उघडता विचारलं.

मी दचकले. “हो.”

“फळीवर अजून बाटली हाय. देवीचं काम हाय. हात आखडू नगंस.”

मी बाटली काढली. नंतर सगळं वरून ओल्या फडक्यानं पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूखाली झाकलं. हे परत आले, तेव्हा पाटावर नुसती फुलं दिसत होती. ती रात्र हे देवघराच्या उंबऱ्यावर राखणीला बसावं तसे बसून होते. पण हात काही त्यांनी लावला नाही.

दसऱ्याला दिवस कलल्यावर देवळाकडून हलगी वाजायला लागली. ह्यांनी आमच्या लग्नातला कोट चढवला. ऑक्टोबरच्या उकाड्यात कोट! त्यांनी रिव्हॉल्व्हर उचललं, धोतराच्या चिंधीनं पुसलं. बोटं चिकटली. कपाळाला आठी पडली.

“सगळं चिकट करून ठेवलंय.”

“परसाद हाय त्यो,” आत्ती म्हणाल्या. “चल, पालखी हलली. उशीर करू नगंस.”

ह्यांनी चक्र उघडलं. चक्र उघडलं! जरा जड, पण उघडलं. गोळ्या एकेक करून आत गेल्या. चक्र बंद झालं. खट्ट असा स्वच्छ आवाज आला. एवढा मध, एवढी साखर, सगळं फुकट. कोटाच्या उजव्या खिशात ते आखूड यंत्र बेमालूम मावलं. शिंप्यानं त्याचंच माप घेतलं असावं.

आमच्या गावात आपट्याच्या झाडापाशी पुरुष पुढं, बायका देवळाच्या पायरीवर, अशी रीत. त्या दिवशी मी बायकांची ओळ सोडून ह्यांच्या उजव्या हाताला जाऊन उभी राहिले. चार जणी कुजबुजल्या. कुजबुजू देत. मनात ठरवलं होतं, तानाजीनं हात पुढं केला की मध्ये आपण शिरायचं. जे व्हायचं ते माझं होईल. मला तेव्हा त्याची भीतीसुद्धा वाटत नव्हती. इतकी मी थकले होते.

आण्णांनी तानाजीला हाताला धरून आणलं. तो माणूस मला ओळखू आला नाही. केस पिकलेले, सदरा दुसऱ्याचा वाटावा असा ढगळ. ओंजळीत आपट्याची पानं. तो ह्यांच्यासमोर येऊन उभा राहिला. हात पोचेल इतका.

“दादा,” तो म्हणाला आणि त्यानं ओंजळ पुढं केली.

मी पाऊल उचलायच्या आत ह्यांच्या कोटाचा खिसा हलला.

मला तो दिसत होता, इतर कुणाला नाही. खिशाच्या आत मूठ आवळली. ढिली झाली. पुन्हा आवळली, खांद्यापासून जोर लावून. कोटाचं कापड ताणलं. ह्यांच्या कपाळावर शीर उभी राहिली. पुन्हा. पुन्हा. काही झालं नाही. हलगी वाजत होती, पोरं पानं ओरबाडत होती, आणि माझा नवरा एका माणसाला मारत होता, आणि तो मरत नव्हता. तानाजी तसाच ओंजळ धरून उभा. त्याचे डोळे खिशावर गेले. त्याला कळलं असावं. मला आजही वाटतं, त्याला कळलं होतं. तो मागं सरला नाही.

“दादा, घ्या,” एवढंच म्हणाला.

“हिंदुराव, हात काढा की खिशातनं,” आण्णा म्हणाले.

हात बाहेर आला. रिकामा. तानाजीनं त्यावर पानं ठेवली आणि खाली वाकून ह्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. लोकांनी देवीच्या नावानं चांगभलं केलं. ह्यांनी हात झटकला. पानं पडली, पण एक पडलं नाही. पुन्हा झटकला. ते तळव्याला चिकटून बसलं होतं. ह्यांनी हात नाकाशी नेला, वास घेतला, आणि माझ्याकडं पाहिलं.

घरापर्यंत हे पुढं आणि मी मागं. ह्यांचा उजवा हात अंगापासून जरा लांब, भाजल्यासारखा.

दारात आत्ती आरतीचं ताट घेऊन उभ्या होत्या. सीमोल्लंघन करून आलेल्या माणसाला ओवाळून घरात घ्यायचं असतं. त्यांनी लेकाला ओवाळलं, मग त्याचा हात चाचपडत धरला. अंगठा तळव्यावरून फिरवला. पानाशी येऊन थांबल्या.

“चिकटलं?” त्यांनी विचारलं. लेकाला नाही, मला.

“आत्ती, तुम्हाला...”

“ह्याच्या बानं एकदा बांधावरनं सख्ख्या भावावर बंदूक उगारली हुती. तवापासनं दरसाल खंडेनवमीला मी घालत आले. मेला तोवर म्हणायचा, माझा नेमच वाईट.” मग लेकाच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, “चल बाबा. ऊन पाण्यानं निघतंय ते.”

आणि तेव्हा, उंबऱ्यातच, आईच्या खांद्यावर डोकं टेकून हे रडले. उजूचं नाव घेऊन, मोठ्यांदा, शेजारीपाजारी दारात येईपर्यंत. मी आत जाऊन चुलीवर पाणी ठेवलं.